पोटाच्या बरण्यांची खोली

कुणाकडे नोकरीतून निवृत्त होताना घड्याळ येतं, कुणाकडे शाल-श्रीफळ. माझ्याकडे किस्से आले. तेही असे की जेवताना सांगायची सोय नाही! त्यामुळे खर्च होत नाहीत, नुसते साचतात. आज तुम्ही चहावर आहात म्हणून सांगतो. बिस्किटं मात्र आधी संपवा.

पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. आज जिथे शिफ्टचे भोंगे होतात तिथे ज्वारी उभी असायची. मुंबई रोडच्या कडेला एका ट्रस्टचं लहानसं हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉ. सबनीसांना एकच वेड, पोट! ऑपरेशनमध्ये कापलेला आतड्याचा तुकडा बरणीत, तपासायला आलेल्या शौचाच्या नमुन्याची काच पेटीत आणि रोग्याची सगळी हकिकत कार्डावर. बरणीवर, काचेवर, कार्डावर नंबर एकच. रोग्याला पत्र्याचा बिल्ला, त्यावरही तोच नंबर. नावांची वही वेगळी, ती माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, कुलपात.

"नाव बाहेर फुटलं की माणूस परत खरं बोलणार नाही," डॉक्टर म्हणायचे.

पण ट्रस्टचे अध्यक्ष दादासाहेब यांना ती खोली मीटिंगसाठी हवी होती. त्यांनी वर्षाची मुदत दिली होती. "वर्षभरात या बरण्यांचा उपयोग दाखवा डॉक्टर. नाहीतर उचला!"

माझी मुलाखतच मुळी चार वाक्यांची झाली.

"वास येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतो साहेब."

"जाईल सवयीनं. उद्या आठला या."

\*

नमुना आणायला आम्ही डब्या द्यायचो, पण त्या घरी जाऊन तपकिरीच्या कामाला लागायच्या. मग नमुने येणार काडेपेटीत, लोणच्याच्या बरणीत, एकदा तर देवाच्या चकचकीत तांब्यात.

चाकणहून एक कांदेवाला आला. पेढ्यांचा पुडा, वर लाल दोरा! एस.टी.त तो पुडा त्यानं सगळी वाट मांडीवर जपून धरला होता. कंडक्टर खूश झाला, म्हणाला, "अभिनंदन राव! मुलगा का मुलगी?"

कांदेवाला सरळ माणूस. तो म्हणाला, "आजून न्हाई कळलं. डाक्टर बघून सांगनार हाईत."

\*

कार्डावर तेवीस प्रश्न असायचे. ते विचारायचं काम माझं. लग्न न झालेला पोरगा मी, आणि विचारायचं काय, तर परसाकडे दिवसातून किती वेळा!

काळेवाडीच्या एका शेतकऱ्याला विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, "कुटल्या दिसाचं सांगू? घरच्या का सासुरवाडीच्या?"

"दोन्हीकडचं वेगळं असतं?"

"तर! सासुरवाडीला कोन उठतंय सारकं सारकं? लाज असती मानसाला."

मी डॉक्टरांना विचारलं, हे कसं लिहू? डॉक्टरांनी कार्डावर स्वतःच्या हातानं चोविसावा प्रश्न घातला, 'मुक्काम कुठे होता?'

\*

जवळच माण गावाच्या बाजूला एक वाडी होती. तिथे मुरड्यानं माणसं हैराण. आम्ही सायकलींवर जाऊन अकरा घरांत डब्या वाटून आलो. आठवड्यानं अकराच्या अकरा डब्या वेळेवर परत आल्या. डॉक्टर हरखले!

मग बसले मायक्रोस्कोपपुढे. पहिली काच स्वच्छ. दुसरी स्वच्छ. अकरावी बघून त्यांनी चष्मा काढला. "अहो, आजार तर नाहीच, पण सगळ्या घरांनी एकाच दिवशी एकच हरभरा खाल्लाय!"

पुन्हा सायकली काढल्या. वाडीच्या पाटलांनी घोंगडी अंथरली, गूळ-पाणी दिलं. डॉक्टरांनी हळूच विषय काढला, तेव्हा पाटील म्हणाले, "मंग? पुण्याची मोटी मानसं आमच्या दारात मागाया आली. त्यास्नी वंगाळ द्यायचं व्हय? वाडीत एकच पोट धड हाय, आमच्या पैलवानाचं. अकरा डब्या त्यानंच भरल्या."

पैलवान दाराशी उभाच होता. छाती फुगवून म्हणाला, "आजून लागलं तर सांगा!"

\*

त्या काळी दारूबंदी कडक. तुकडे ठेवायला आम्हाला स्पिरिट लागायचं, त्याचा परवाना होता. पण कुणीतरी खबर दिली की हॉस्पिटलात बरण्या भरून माल आहे. एक पोलीस जमादार थेट खोलीत शिरला.

आमचा शिपाई गेनूभाऊ पिंपरीगावातलाच. त्याला कशाचीच घाई नसायची. जमादारानं एका बरणीचं झाकण काढलं, डोळे मिटून लांब वास घेतला आणि दरडावलं, "काय मुरत घातलंय यात?"

"आतडं," गेनूभाऊ म्हणाला.

"कशाचं?"

"मानसाचं हाय जमादार. झाकन नीट लावा, न्हाईतर नासतंय."

जमादार बाहेर येऊन पायरीवर टेकला. गेनूभाऊनं पाण्याचा पेला आणला, तर त्यानं त्या पेल्यात वाकून बघितलं आणि हात जोडले. पंचनामा मात्र चोख लिहिला, 'माल पिण्यालायक नाही.'

\*

खंडेनवमीला आम्ही घरी होतो. गेनूभाऊ मात्र हौसेनं आला. आपल्या खोलीची हत्यारं म्हणजे बरण्या! त्यानं सगळ्या धुतल्या, पुसल्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू वाहिलं. मायक्रोस्कोपला झेंडूची माळ. दसऱ्यानंतर आलो तर खोली देवघरासारखी दरवळतेय आणि वीस-बावीस बरण्यांचे नंबर धुऊन गेलेले!

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, मटकन खाली बसले. मला म्हणाले, "माझी आई पोटदुखीनंच गेली हो. तीन वैद्य, दोन डॉक्टर झाले. पण कुणी एक ओळ लिहून ठेवली नाही. कशानं गेली, ते मला अजून माहीत नाही." तोवर मी ही नोकरी समजत होतो. त्या दिवसापासून खोली जाऊ नये असं मला मनापासून वाटायला लागलं.

गेनूभाऊ रडायच्या बेतात. तरी उठला आणि एकेक बरणी उजेडाला धरून म्हणायला लागला, "ह्यो वाकडा, चौपन्न. ह्यो काळा ठिपकेवाला, एकोणीस..." डॉक्टरांनी कार्डांवरच्या वर्णनांशी ताडून पाहिलं. एकही चुकला नाही! रोज पुसता पुसता त्याला सगळे तोंडपाठ झाले होते. डॉक्टरांनी विचारलं, "गेनूभाऊ, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं?"

\*

आणि मुदत संपली. दादासाहेब सेक्रेटरींना घेऊन तपासणीला आले. मागे फायलींची पिशवी धरून त्यांचा ड्रायव्हर किसन. दादासाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. मांसाहार सोडा, म्हणून गावोगाव भाषणं द्यायचे. गोरे, भारदस्त, आणि एक हात कायम पोटावर. आल्या आल्या त्यांनी सेक्रेटरींना टेबल कुठे बसेल ते दाखवलं.

"या कार्डांत खरं किती नि खोटं किती, कोण सांगणार?" दादासाहेब म्हणाले. "एक काढा कुठलंही. वाचा."

डॉक्टरांनी पेटीतून हाताला लागलं ते काढलं. "नंबर एकशेबारा. पुरुष. तीन महिने पोटात जळजळ. रोगी सांगतो, निव्वळ शाकाहार. पण काचेवर मांसाचे न पचलेले तंतू, दर वेळी, भरपूर. आजार निम्मा तिथेच आहे. दर गुरुवारी कडू औषध इथे समोर बसवून पाजलं, तरी गुण शून्य."

"बघा!" दादासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "असले ढोंगी लोक! आणि यांच्या जिवावर तुमचं संशोधन! नाव काय त्याचं?"

"नाव सांगता येणार नाही."

"मी अध्यक्ष आहे!"

"तरी नाही."

"मग आजच्या आज खोली रिकामी करा!"

डॉक्टरांनी कार्ड परत पेटीत ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते म्हणाले, "करतो." मी वहीच्या कपाटाचं कुलूप घट्ट धरून उभा होतो.

तेवढ्यात किसननं पिशवी खाली ठेवली. खिशात हात घातला आणि पत्र्याचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. एकशेबारा!

"डाक्टरवर कशापायी रागावता सायेब? त्यांनी समदं खरंच लिवलंय. डबी मीच आनतो न्हवं बंगल्यावरनं, दर गुरुवारी."

सेक्रेटरी बिल्ल्याकडे बघत होते. मग किसनकडे बघायला लागले. किसनच्या गळ्यात तुळशीची माळ होती. वीस वर्षांत त्यानं अंडंसुद्धा तोंडात घातलं नव्हतं, हे अख्ख्या चिंचवडला ठाऊक होतं.

दादासाहेबांचा पोटावरचा हात हळूहळू खाली आला.

"तसं पाहिलं तर," ते घसा खाकरून म्हणाले, "मीटिंग काय, व्हरांड्यातसुद्धा होते. वारा चांगला असतो. चला सेक्रेटरी."

दोघं गाडीकडे गेले. किसननं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. हात जोडून, अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं,

"डाक्टर, आता ते कडू औशीद मी बंद केलं तर चालंल का?"