वहिनींचं ‘काहून’

कानातला एक इअरफोन काढायचा, शर्टाला पुसायचा आणि समोरच्याच्या पुढे धरायचा. मग म्हणायचं, “आयका तं खरी.” बाभुळगावात भाऊंच्या मोबाइलच्या दुकानात गेलेल्या कुणालाही हे चुकलं नाही. रिचार्जला आलेला माणूस घाईत आहे, त्याची बस सुटते आहे, याच्याशी भाऊंना काही देणंघेणं नसायचं.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या शेजारी. मध्ये नुसता पत्रा. लग्नसराईत डीजेवाले त्यांच्याकडून हळदीची, वरातीची गाणी तयार करून न्यायचे. ते पोटासाठी. उरलेल्या वेळात भाऊ कॉम्प्युटरवर स्वतःचं संगीत करत, आणि त्यात काय घालतील याचा नेम नव्हता. एकदा माझ्या मशीनपाशी मोबाइल धरून उभे राहिले. “थांबू नोका ताई, चालू द्या.” मला वाटलं, शिवणकामाचं कौतुक चाललंय. त्यांना हवी होती ती नुसती खडखड. मी रुसले तर हसून म्हणाले, “मशीन तालात हाये ताई, तुमीच नाही.”

त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एका शब्दाची सवय होती. चल, बाजारात जाऊ. काहून? जेवून घे. काहून? मी एकदा म्हटलं, वहिनी, आज साडी छान दिसतेय. त्यावरही काहून? उत्तर हवं असायचंच असं नाही. पण दर वेळी सूर वेगळा. कधी लाडाचा, कधी संशयाचा, कधी अर्धवट झोपेतला. भाऊंनी हे सगळे सूर गुपचूप रेकॉर्ड केले, खाली ढोल आणि माझी मशीन घातली आणि त्याचं गाणं केलं. त्यांचं स्वतःचं पहिलं गाणं, आणि त्यात शब्द एकच. ते नेटवर टाकलं तेव्हा वहिनी लाजल्या, पण आमच्या अख्ख्या लाइनीत पेढे त्यांनीच वाटले.

आधी कुणी ऐकलं नाही. मग कुणीतरी त्यातला ‘काहून, काहून’ एवढाच तुकडा कापून त्याचं रील केलं, आणि बघता बघता यवतमाळपासून पुसदपर्यंत प्रत्येक वरातीत ते वाजू लागलं. तुम्हीही पाहिलं असेल. शहरातल्या पोरी डोक्यावर पदर ओढून, डोळे तिरळे करून ‘काहून’ म्हणायच्या. आमच्याकडची बाई म्हणजे अशीच येडीबागडी, असं त्यांना वाटत असावं. मला त्यांचा अजून राग येतो.

गावात भाऊंचा सत्कार झाला. वहिनी पहिल्या रांगेत. निवेदकाने त्यांच्याकडे पाहत, नाक फेंदारून तोच शब्द म्हटला आणि सगळा मंडप हसला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीनंही तेच केलं. घरी येऊन वहिनी एवढंच म्हणाल्या, “माही बोली हासाले ठेवली तुमी.”

तेव्हापासून त्या ‘का?’ म्हणू लागल्या. पुस्तकातलं, स्वच्छ ‘का?’.

“ताई, घरात पाहुणी आल्यावानी वाटते,” भाऊ मला म्हणाले. त्यांनी गाणं नेटवरून काढून टाकलं, पण एव्हाना ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसलं होतं. मग त्यांचा एकच हट्ट उरला. वहिनींनी गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकावं. “पुरं आयक वं, एक डाव,” म्हणायचे. वहिनी “का?” म्हणून आत निघून जायच्या. खरं तर पुरं कुणीच ऐकलं नव्हतं, मीही नाही. तो तुकडा संपला की डीजेवाले पुढच्या गाण्यावर जातात.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. पत्र्यापलीकडे मी हाक मारत राहिले आणि ओ आली नाही. फार वाईट वाटतं अजून.

तेरवी व्हायची होती. एका संध्याकाळी मी वहिनींजवळ बसले होते. गल्लीतून एक वरात आली, आणि वाजत होतं नेमकं तेच गाणं. इथं सुतक आहे हे लक्षात येताच डीजेवाल्यानं रीतीप्रमाणे आवाज बंद केला. नाचणारे माना खाली घालून चालू लागले.

वहिनी उठून दारात गेल्या. “लावा ते,” म्हणाल्या. “पुरं लावा.”

डीजेवाला घुटमळला. मग त्यानं लावलं. कुणी नाचलं नाही. नेहमीचा तुकडा झाला, गाणं पुढे गेलं, ढोल हळूहळू विरला. आणि अगदी शेवटी भाऊंचा आवाज आला, घरात बोलायचे तसा, हलका. “असंच वं. तू इचारत राह्य. मले बरं वाटते.”

वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

“ताई,” त्या म्हणाल्या, “म्या काहून नाई आयकलं?”