रायव्हल म्हणजे जिवाची मैत्रीण

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो जायला टेकला तेव्हाही मनात आलं होतं – आता तरी सांगावं. पण नाही सांगितलं. तुम्ही समोर बसला आहात, निघायची घाई दिसत नाही, म्हणून बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

सेवंता आणि मी गोंदियाजवळच्या कामठ्याच्या. दोघी पोवारांच्या पोरी, घराला घर लागून. इंग्रज असतानाची गोष्ट. गोंदियाला मुलींची मिडल शाळा होती आणि माझा मामा तिथे धानाचा व्यापार करायचा. त्याच्याकडे राहून शिकायचं ठरलं तेव्हा मी हट्ट धरला, सेवंता आली तरच जाईन. हट्ट माझाच होता, हे विसरू नका.

शाळेत कधी ती पहिली, कधी मी. एकदा हेडमिस्ट्रेसबाई वर्गात आमच्या दोघींकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “यू टू आर फाइन रायव्हल्स.” घरी जाताना सेवंतानं विचारलं, “रायव्हल म्हंजे का होय?”

मला कुठे ठाऊक होतं? पण तिच्यापुढे ‘ठाऊक नाही’ म्हणणं मला जड गेलं. बाई हसल्या होत्या, मायेनं बघत होत्या. त्यावरून मी ठोकून दिलं – जिवाची मैत्रीण. सेवंतानं तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. मग माझा हात धरून म्हणाली, “तू माही रायव्हल.” तेवढ्या वेळेपुरतं मी खोटं बोलत नव्हते. अडाणी होते, एवढंच.

पुढे सेवंता तापानं फणफणली. ती घरी असताना बाईंनी नेमका तोच धडा घेतला. फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले – रायव्हल, काँपिटिटर, काँटेस्ट, एम्युलेट, एन्व्ही. समोर मराठी. प्रतिस्पर्धी. चढाओढ करणारा. चुरस. दुसऱ्याचं चांगलं बघून तसं व्हायला झटणं. आणि शेवटी, हेवा. मी लिहून घेत होते आणि कान तापत होते. आपण चुकीचं सांगितलं याची लाज वाटली, हे खरं. पण आणखी काही होतं. सेवंताचा पहिला नंबर आला की मला जे वाटायचं, ते फळ्यावर लिहिलेलं होतं. शेवटच्या ओळीत.

संध्याकाळी तिच्या उशाशी बसले. तिनं विचारलं, “आज का शिकवलं?” मी गणित सांगितलं. भूगोल सांगितला. तो धडा सांगितला नाही. का? आज सांगायचं तर आधी ‘तेव्हा मला येत नव्हतं’ हेही सांगावं लागणार होतं. म्हटलं, उद्या. उद्या सांगायला गेले तर काल का लपवलं, ते सांगावं लागलं असतं. असं रोज थोडं वाढत गेलं. आणि ती मात्र येताजाता मला त्याच नावानं हाक मारायची, आणि मी ओ द्यायची.

शेवटच्या वर्षी नागपूरच्या मास्तरणींच्या ट्रेनिंगसाठी आमच्या शाळेतून एकच मुलगी घेणार होते. निवडायला इन्स्पेक्ट्रेस मेमसाहेब आली. हेडमिस्ट्रेसबाई बाहेर होत्या. आत मेम आणि आम्ही दोघीच. न निवडलेलीचं काय होणार, हे आम्हाला माहीत होतं. सेवंताच्या बापानं दरेकसाकडचं स्थळ बघून ठेवलं होतं.

सेवंतानं माझ्यापेक्षा चांगलं वाचलं. हिशेब तोंडी केले. मेम खूश होती. मग माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, ही तुझी कोण? सेवंता फुलून आली. तिला वाटलं, आता ठेवणीतला शब्द काढावा.

“शी इज माय रायव्हल, मॅडम. ऑल्वेज माय रायव्हल.”

मेमच्या भुवया वर गेल्या. तिनं भरभर काहीतरी विचारलं – सेवंताला कळलं नाही, मला कळलं. तिनं मला विचारलं होतं, या शब्दाचा अर्थ हिला माहीत आहे ना?

एवढं सोपं करून दिलं होतं त्या बाईनं. ‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

मी म्हटलं, “येस, मॅडम.”

आणि सेवंता माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी तिचं काहीतरी चांगलं सांगितलं.

मेमनं निघताना हेडमिस्ट्रेसबाईंना सांगितलं, पोरगी हुशार आहे पण मनानं जळकी आहे, बोर्डिंगात इतरांबरोबर निभायची नाही. बाईंनी मला बोलावून विचारलं, “असं काय बोलली गं ती?” मी रडायला लागले. सामान बांधायला लागलेली सेवंताच माझी समजूत घालत होती – “तू काऊन रडून राहिली? तू गेली का मी गेली, एकच होय.”

तिचं लग्न झालं. मी नागपूरहून शिकून गोंदियात मास्तरीण झाले. लोक बाई म्हणू लागले. बरं वाटायचं का? वाटायचं. खोटं कशाला सांगू?

बऱ्याच वर्षांनी ती दरेकसाहून गाडीनं आली, पोरीला घेऊन. रेवा तिचं नाव. “हिले तुह्यापाशी ठेव. माह्यासारखी राहू नको देऊ.” शाळेच्या ओसरीवर सगळ्या मास्तरणींपुढे तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं सांगितलं, “हे माही रायव्हल होय, लहानपणची!” इंग्रजीच्या नव्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, चल, गाडी चुकेल.

रेवा माझ्या घरी राहिली. तिलाही तो शब्द एके दिवशी वर्गात बाईंनी शिकवला. मी चूल पेटवत होते, तर मागे येऊन उभी राहिली. “मावशी, बाई म्हणते रायव्हल म्हंजे बरोबरी करणारा, आपल्याले हरवू पाहणारा. मंग आई तुमाले तसं काऊन म्हणते?”

मी फुंकणी खाली ठेवली. म्हटलं, “बाई बरोबर सांगतात.”  मी पुन्हा फुंकणी उचलली.

सुट्टीत ती गावी गेली, तो शब्द बरोबर घेऊन. सुट्टी संपल्यावर सेवंता तिला पोचवायला आली. दरवेळी थेट चुलीपर्यंत येणारी बाई – उंबऱ्याशीच बसली. चारोळीची पुरचुंडी पुढे सरकवली. मी पाणी दिलं, ते प्याली. मी समोर बसले. वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. निदान विचारावं तरी, काऊन केलं? तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठली.

“येतो बाई. पोरीकडं ध्यान ठेवा. तुमच्याच हाती हाये ते.”

नंतरही ती येत राहिली, रेवा मास्तरीण होईपर्यंत. येताना काहीतरी आणायची, पिकापाण्याचं बोलायची. पण मला पुन्हा ‘तू’ म्हणाली नाही, ती मरेपर्यंत.