शेवटी उतरणारा

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'भावी' म्हणायचे. नाव त्यांच्या मेहुण्याने ठेवलेलं. कॅप्टनच्या परीक्षा पास, लायसन खिशात, पण बोट कुणी देईना, आमच्या बोटीवर दुसऱ्या कॅप्टनच्या हाताखालीच, म्हणून हा दीडशहाणा चार माणसांत ओळख करून द्यायचा, "हे आमचे दाजी, भावी कॅप्टन!" लोक हसायचे. साहेबही हसायचे. मी असतो तर मेहुण्याचे दात घशात घातले असते, पण मी पडलो बोटीवरचा आचारी, मला कोण विचारतो.

मग आमच्या मालकाचं दिवाळं वाजलं. कोर्टाने बोट जप्त केली आणि आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून बसलो. किनाऱ्यावरच्या मोटारी दिसायच्या, पण उतरायची सोय नाही. अशात आमच्या जुन्या कॅप्टनच्या छातीत कळ आली. त्याने कागदावर सह्या केल्या, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आजपासून बोट तुझी. तुझ्याएवढा लायक माणूस मला दिसत नाही." छातीत कळ आलेला तो माणूस दोरीच्या शिडीवरून असा सरसर उतरला की माकडाने तोंडात बोट घालावं!

साहेबांना काय आनंद झाला म्हणून सांगू. घरी फोन लावून तेच तेच तीनदा सांगितलं त्यांनी. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दारावरची पाटी बदलून घेतली.

त्याच आठवड्यात एजंट आला. हा किनाऱ्यावरून आमचा शिधा आणि कोर्टाचे कागद आणायचा. त्याने कायदा समजावला. जप्त बोट रिकामी सोडता येत नाही. बाकीचे एकेक करून सुटतील. पण ज्याच्या नावावर कॅप्टनकी, तो बोटीचा राखणदार. दुसरा लायसनवाला सही करून ताबा घेत नाही, तोवर याने जमिनीवर पाय ठेवायचा नाही. किती दिवस? कोर्टाचं काम, कोण सांगणार!

"जुन्या साहेबांनी हे सांगितलं नाही का तुम्हाला?" एजंटने विचारलं.

साहेबांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवले. मी मात्र भटारखान्यात जाऊन त्या जुन्या कॅप्टनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दुसरा असता तर केबिनचं दार लावून पडून राहिला असता. हे गृहस्थ रोज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून ब्रिजवर, म्हणजे बोट हाकायच्या खोलीत, हजर. नांगर सरकलाय का, तळाशी पाणी शिरतंय का, अंधार पडल्यावर दिवे लागतात का, सगळं स्वतः फिरून बघायचे. गोडं पाणी स्वतःच्या हाताने वाटायचे आणि आपली बाटली शेवटी भरायचे. इंजिनवाला आणि रंगवाला पाण्यावरून हमरीतुमरीवर आले, तर दोघांना एका बादलीत आंघोळ करायला लावली. लाजेने पुन्हा भांडले नाहीत. सुटकेचा परवाना एकदोघांचाच यायचा आणि कुणाला पाठवायचं ते कॅप्टनने ठरवायचं. ज्याच्या घरी आजारपण, तो आधी. जो रडतो, तो नंतर. मी दोनदा रडून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

आजारपण तर साहेबांच्याच घरी होतं. आई अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं काढायला वहिनी एकट्या. फोनवर वहिनी एकच विचारायच्या, "कधी येताय?" साहेब म्हणायचे, "माझ्या जागी कुणी मिळाला की निघालोच बघ."

शेवटी एक मिळाला, एजंटच घेऊन आला त्याला. शिडी चढून वर आला तो कोरे करकरीत बूट घालून. याचंही तेच, लायसन आहे आणि बोट नाही. जेवायला बसल्या बसल्या त्याने बायकोला फोन लावला. "अगं, केवढी बोट आहे म्हणून सांगू! हो, कॅप्टन म्हणूनच!" मी त्याला भात वाढत होतो, हात जरा थांबलाच माझा.

साहेबांची बॅग दाराशी भरून तयार. त्यांनी नव्या माणसाला बोटीचा कोपरान् कोपरा दाखवला. मग टेबलाशी बसले, कागद पुढे ओढला, पेन उघडलं. आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला इथून उतरायचं कसं, ते सांगितलंय का यांनी?"

"दोनतीन महिन्यांचं काम आहे म्हणाले."

एजंटला एकाएकी खिडकीतून समुद्र बघावासा वाटला. मी मनात म्हणत होतो, गप्प बसा हो साहेब, पाया पडतो तुमच्या, एकदा तरी गप्प बसा. नाही बसले. कायदा सांगितला, आपण कसे अडकलो ते सांगितलं. वर म्हणाले, "हे न सांगता ताबा दिला, तर मी कसला कॅप्टन?"

नवा माणूस पांढराफटक पडला. "माझी बायको पोटुशी आहे हो," एवढंच म्हणाला आणि उठला. आभार वगैरे काही नाही. शिडीवर घाईत एक बूट निसटून पाण्यात पडला, त्याची शिवी मात्र आम्हाला देऊन गेला.

"आता दुसरा मी शोधणार नाही," एजंट म्हणाला. "बसा इथेच."

तो गेल्यावर मी तोंडावर म्हणालो, "साहेब, तुम्ही गाढव आहात."

"चहा टाक," साहेब म्हणाले.

त्या एका बुटाच्या माणसाला किनाऱ्यावर सांगायला काहीतरी हवंच होतं. घाबरून पळालो म्हणायला जीभ रेटेना, म्हणून सांगत सुटला की म्हाताऱ्याला कॅप्टनकी सोडवत नाही, त्यानेच मला हुसकून लावलं. बंदरातली बातमी ती, पसरायला कितीसा वेळ! मेहुण्याच्या कानावर गेली. त्याने तिखटमीठ लावून बहिणीला सांगितली. पुढच्या फोनला वहिनी म्हणाल्या, "मिरवून झालं की या." मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

साहेबांनी जेवण टाकलं. कोर्टाने जे केलं नाही ते या एका वाक्याने केलं.

माझा परवाना आला तेव्हा बोटीवर आम्ही दोघेच उरलो होतो. मी म्हटलं, नाही जात. त्यांनी मला अक्षरशः दंडाला धरून शिडीपर्यंत आणलं. "कॅप्टन शेवटी उतरतो, आचारी नाही. तू आधी माझ्या घरी जा. तिच्यासमोर बसून सांग. तू डोळ्यांनी बघितलंयस. खरं काय ते कळलं, की तिचा राग जाईल."

गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिन्यापर्यंत फिनाइलचा वास. आतल्या खाटेवर म्हातारी कण्हत होती. वहिनींचे हात कोपरापर्यंत ओले. मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं, पदरचं थोडं घालूनच सांगितलं.

"म्हणजे बॅग भरलेली होती?"

"हो."

"सही केली असती की सुटले असते?"

"हो वहिनी, पण तो बिचारा अडकला असता. त्याची बायको..."

"आणि मी?"

मी उगाच खिशातला परवाना चाचपला.

"लोक म्हणत होते, खुर्ची सोडवत नाही," वहिनी म्हणाल्या. "ते गिळलं मी. म्हटलं, जन्मभराची हौस आहे, भागवून घेऊ दे. कंटाळले की येतील. आणि तुम्ही सांगताय, यांना यायचं होतं. येता येत होतं. कुणा परक्या बाईचा नवरा तिला परत पाठवला, आणि मी यांना आठवलेसुद्धा नाही!"

टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी बघितला आणि माझ्या हातात कोंबला. "तुमचे साहेब. तुम्हीच बोला. आणि सांगा, आता नाही आले तरी चालेल."

त्या आत गेल्या. मी फोन कानाला लावला.

"कोण, तू? पोचलास?" साहेब ओरडूनच बोलत होते. "सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग? काय म्हणाली?"

आत वहिनी सासूची कूस बदलत होत्या. पाठमोऱ्या.

"वाट बघते म्हणाल्या," मी सांगितलं.

"बघ! मी म्हटलं नव्हतं तुला?" कित्येक महिन्यांनी साहेब खळखळून हसले. "झालं तर मग. आता कितीही वर्षं लागू देत, मला फिकीर नाही!"