युराली कुठेच गेली नाही

...तर बाकीच्या बोटी लागल्या आणि लायलची लागली नाही, इथपर्यंत आपण आलो होतो. तेवढ्यात आमच्या बायकोनं, ऑगस्टानं, ताटं मांडली आणि गोष्ट तिथंच राहिली. अळूच्या पानांचं कलालू गरम असतानाच खायचं असतं, त्यापुढं गोष्ट काय, लीडरचं प्रवचनसुद्धा थांबतं.

हां, तर लायलची बायको युराली घंटा वाजवतच होती.

आमची खाडी म्हणजे तोंडाशी दोन खडक आणि मधे बोट जाईल एवढीच वाट. समुद्रावरून पावसाचा पडदा सरकत आला की ते खडक दिसेनासे होतात. मग देवळापाशी जो कुणी असेल त्यानं धावत जाऊन घंटा वाजवायची, आणि बोटवाल्यांनी आवाजाच्या रोखानं आत यायचं. घंटा कोकोच्या जुन्या मळ्याची. मळा बसला, मालक गेला, घंटा आम्ही उचलून आणली आणि देवळाच्या दारात खांबाला टांगली. युरालीचं घर सगळ्यात जवळ, म्हणून ते काम तिच्याकडं आलं आणि तिचंच होऊन बसलं. रविवारी देवाच्या लोकांना बोलवायचं तिनंच, पावसात बोटींना बोलवायचं तिनंच.

त्या दिवशी बोटी एकेक करून आल्या. माणसं घरी गेली, ओले कपडे बदलले, गरम कोको प्यायली. मीही प्यालो. पेला खाली ठेवला तरी बाहेर घंटा चालूच. ऑगस्टा म्हणाली, “हेझी, जा रे, तिला कुणीतरी सांगा.” कोण सांगणार? अंधार पडला तेव्हा देवळातला फिट्झरॉय आणि मी गेलो आणि तिची बोटं दोरीवरून एकेक करून सोडवली. तळहाताची सालटी निघाली होती. ती एवढंच म्हणाली, “अजून थोडं वाजवू द्या. तो हळूच येतो नेहमी.”

लायल खरंच हळू होता. सोंगट्या खेळायला बसला की एक चाल खेळायला इतका वेळ लावायचा, की समोरचा उठून घरी जाऊन जेवून परत यायचा. आणि जिंकायचा तोच, कारण तोवर समोरच्याला कोणाची खेळी होती तेच आठवायचं नाही. देवळात बसल्या बसल्या घोरायचा. युराली त्याला कोपरानं ढोसायची आणि गाणं न तोडता ढोसायची. तो नंतर मिळाला नाही. नुसती वल्ही मिळाली.

युरालीनं रडारड केली नाही. कोको वाळवायच्या छपराखाली तिचं काम होतं, तिथं ती पुन्हा जाऊ लागली. तुम्ही ते काम पाहिलं नसेल. बिया पसरतात, थोडं पाणी शिंपडतात आणि बाया अनवाणी त्यांच्यावर पाय घासत नाचतात. नाचणं म्हणायचं, पण ते पाय उचलणं नव्हे. टाच, चवडा, टाच, चवडा, घासत घासत पुढं आणि घासत घासत मागं, बी चकचकेपर्यंत. युराली लहानपणापासून तेच करत आलेली. तिच्या पायांना दुसरी चालच उरली नव्हती. बाजारात तराजूपुढं उभी असली तरी खाली पाय चालू.

देवळात ती येत होती. घंटा तीच वाजवायची, भजन तीच उचलायची. तिनं आवाज लावला की बाया डोलायच्या, ब्रदर फिट्झरॉयच्या अंगात यायचं आणि तो बाकं उलथी करायचा. स्वतः युराली मात्र खांबासारखी उभी.

एकदा आमच्या ओसरीवर मासे साफ करता करता ती ऑगस्टाला म्हणाली, “मी गाते ना, ते छपराच्या पत्र्यापर्यंत जातं आणि परत खाली पडतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी कशाला सांगायला हवं? आधी कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं. घर रिकामं असलं तरी आतल्या खोलीत माणूस आहे की नाही ते कळतं ना आपल्याला? तसं. आता आतली खोलीसुद्धा रिकामी.”

“दमलीयस तू, युराली.”

“दमलेय, खरंय. पण दमलेलं माणूस बसतं गं. मला बसताही येत नाही. सारखं वाटतं, कुणाला तरी हाक मारायची राहिलीय.”

ऑगस्टानं माशाचं डोकं उचललं आणि मांजराला टाकलं, बस.

शेवटी युराली लीडर कथबर्टकडे गेली आणि म्हणाली, मला शोकाला बसायचंय. आमच्यात ही रीत फार जुनी. देव हवासा झाला आणि सापडेनासा झाला की माणूस मन मोकळं करून पापं सांगतो, मग त्याच्या डोळ्यांवर खुणा काढलेल्या पट्ट्या बांधतात आणि देवळामागच्या खोलीत जमिनीवर निजवतात. उशाला दगड. खाणं नावापुरतं. देह तिथं पडून राहतो आणि जीव प्रवासाला जातो. वाटाड्या शेजारी बसून प्रार्थना करतो, नर्स तोंडात पाणी घालते. नर्स म्हणजे आमची देवळातली नर्स, सुई कधी हातात न धरलेली. मग एक दिवस पट्ट्या सोडतात आणि माणूस सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो, मी कुठं गेलो, कोण भेटलं, काय मिळालं. कुणाला किल्ली मिळते, कुणाला तलवार, आणि त्याप्रमाणं देवळात काम मिळतं. मी स्वतः चीनला जाऊन आलोय, पडल्या पडल्या. तिथं एक म्हातारा खारवलेला मासा विकत होता, त्यानं मला झाडू दिला. तेव्हापासून देवळाचं अंगण मी झाडतो. तो म्हातारा अगदी आमच्या दुकानदारासारखा दिसत होता, असं ऑगस्टा म्हणते, पण तिला चीनमधलं काय ठाऊक?

रिकाम्या हातानं परत येणाऱ्यांसाठीही नियम होता. प्रवासच झाला नाही तर मन स्वच्छ नव्हतं असं धरायचं, आणि त्याचं काम दुसऱ्याकडं द्यायचं. म्हणजे युरालीची घंटा. ती दोरी सोडली तर तिच्याकडं दुसरं होतं काय?

तिला निजवलं. सुरुवातीला काहीच खबर नाही. आणि मग एका दुपारी आमची नर्स पर्लीन देवळामागून जी धावत सुटली ती थेट दुकानापर्यंत, डोक्याचं फडकं एका खांद्यावर.

“चालली! युराली चालायला लागली!”

“कुठं?”

“आत, निजल्या निजल्या! पाय चाललेत तिचे! या डोळ्यांनी पाहिले मी, पुढं, मागं, पुढं, मागं. लांब चाललीय बाई, खूप लांब!”

प्रवासात पाय हलतात हे सगळ्यांना माहीत, पण इतके? पर्लीन म्हणाली, हे काही शेजारच्या बेटावर जाणाऱ्याचे पाय नव्हेत. गावात दोन तट पडले. फिट्झरॉय म्हणाला आफ्रिका, दुकानदार म्हणाला सरळ जॉर्डन नदी. दुसऱ्या दिवशी पाय चालूच, तेव्हा दोघं म्हणाले, दोन्हीकडं जाऊन येतेय. बायांनी पांढरे कपडे निळीत बुडवले. फिट्झरॉयनं त्याची बकरी कापली, ती बकरी, जिला तो लग्नातसुद्धा हात लावू देत नव्हता. भाकरीसारखे जाड बेक तव्यावर पडू लागले. लायल गेल्यापासून गाव असं हसलं नव्हतं. युरालीला मिळालं तर आपल्यालाही थोडं मिळेल, असं काहीसं वाटत होतं प्रत्येकाला. दमलेली काय ती एकटीच होती?

उठवण्याच्या दिवशी ऑगस्टा तिला कपडे घालायला आत गेली. बाहेर आली ती थेट माझ्याकडं. मी म्हटलं, “काय गं?” तेव्हा तिनं मला जाड बुंध्याच्या ब्रेडफ्रूटच्या, म्हणजे नीरफणसाच्या, झाडाआड ओढलं.

“ती कुठंच गेली नाही, हेझी.”

“आणि पाय?”

“कोको नाचवत होते. सवय! ती म्हणते, मला कळत होतं पाय हलतायत, थांबवायची ताकद नव्हती.”

“मग?”

“मग काय? मी म्हटलं, बाई, तुला तोंड उघडायचं कारणच नाही. लीडर म्हणतील जॉर्डन, तू नुसती मान हलव. कोणाचं काय जातं? घंटा राहील तुझी.”

“काय म्हणाली ती?”

“म्हणाली, माझे केस नीट बांध.”

देऊळ खचाखच भरलं होतं. पट्ट्या सुटल्या. युराली दोन्हीकडून धरलेली, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात फुलं घातलेला पितळी लोटा. उजेडानं डोळे मिटत होते. गालफडं बसली होती. लीडर कथबर्ट दांडगा माणूस, पण मनानं वाईट नाही. आवाज मऊ करून त्यानं विचारलं, “बोल, यात्रेकरू. जॉर्डनचं पाणी थंड होतं का गं?”

सगळे तिच्या मानेकडं बघत होते. नुसती मान. ऑगस्टा माझ्या दंडाला नखं रुतवून बसली होती.

“मी जॉर्डनला गेले नाही, लीडर.”

“मग आफ्रिकेला!” फिट्झरॉय मागून ओरडला. “सांगितलं नव्हतं मी?”

“कुठंच नाही. जमिनीवर होते. दगड टोचत होता.”

लोक हसले. त्यांना वाटलं, लांबून आलेलं माणूस थट्टा करतंय. पर्लीन पुढं आली, “अगं, मी पाय पाहिले तुझे!”

“कोको नाचवत होते ते, पर्लीन. तू पाणी मात्र छान पाजलंस, देव तुझं भलं करो.”

आता कुणी हसलं नाही. पर्लीननं फडकं तोंडावर ओढलं. मागच्या बाकावरून कुजबूज सुरू झाली, पाप सांगायचं राहिलं असेल, नवऱ्यासाठी देवावर राग धरलाय. फिट्झरॉय उभाच होता.

“मग माझी बकरी कशासाठी कापली आम्ही?”

“खाण्यासाठी, ब्रदर. मलाही द्या. भूक लागलीय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बायकोची नजर पडताच गप्प झालं. लीडरनं काठी जमिनीवर टेकवली. त्याचाही चेहरा उतरला होता. तोही बकरीच्या वासावर सकाळपासून आशा धरून बसला होता, आणि बकरीपेक्षा मोठ्या कशावर तरी.

“आत काय झालं ते सांग. खरं ते.”

“अंधार होता. मी हाका मारल्या. जोरात, मग हळू, मग मनातल्या मनात. कुणी ओ दिली नाही.” तिनं मेणबत्ती सरळ केली. “नाव घेऊन मारल्या, लीडर. सगळी नावं घेतली.”

पावसाचे दोन थेंब पत्र्यावर वाजले आणि थांबले. बाहेर दारातली दोरी वाऱ्यानं खांबाला थडकत होती आणि आम्ही सगळेच, कुणी न सांगता, त्या दोरीकडं बघत होतो. पर्लीनचंसुद्धा लक्ष तिकडंच. रीतीप्रमाणं घंटा आता पर्लीनकडंच जायची होती.

लीडर कथबर्टनं काठी दाराकडं वळवली. मग म्हणाला, “युराली, टोचून बोलतोय असं समजू नकोस. तू हाक मारलीस, तिकडून काही आलं नाही. तूच म्हणतेस. मग उद्या ती दोरी धरून तू घंटा वाजवणार ती कुणाच्या भरवशावर?”

युरालीनं मेणबत्ती ऑगस्टाच्या हातात दिली, लोटा खाली ठेवला, आणि देवळातल्या खांबाला टेकून म्हणाली:

“लीडर, त्या दिवशी लायलला माझी घंटा ऐकू आली नाही. म्हणून मी वाजवत नव्हते असं झालं का? या खेपेला बोटीत मी आहे. मला खडक दिसत नाहीत, काही ऐकूही येत नाही. पण माझ्यासारख्या बाईनं जर हात सोलून निघेपर्यंत दोरी सोडली नाही, तर देव सोडेल होय? तो तिकडं वाजवतच असणार, आवाज अजून माझ्यापर्यंत पोचला नाही एवढंच. पोचेल. तोवर दोरी माझ्याच हातात राहू द्या, म्हणजे मी हे विसरणार नाही. आणि आता कुणीतरी बाकडं सरकवा इकडं, पाय फार दुखतायत.”