बाबांच्या वाटीतला शिरा

मुलुंडच्या आमच्या इमारतीत पोटदुखीवर औषध ठाऊक नाही असा एकही माणूस नव्हता. बाबांचं जेवण चार घासांवर आलं तेव्हा तळमजल्यावरून कोकम आलं, वरून ओवा आला आणि "पित्तच आहे हो" हा निकाल सगळीकडून आला. त्या निकालापायी वर्ष गेलं. मला त्याचा अजून राग येतो.

शेवटी मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात त्यांना पांढरंफेक बेरियम पाजून एक्स-रे काढले, मग पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सर्जननं मला आणि मामाला बाजूला घेतलं. "हा कॅन्सर विरळा. गाठ धरत नाही, जठराच्या भिंतीतून पसरतो, तोही झपाट्यानं. जठर चामड्याच्या पखालीसारखं ताठ झालंय. आता काढण्यासारखं काही नाही." जन्मभर कारकुनी केलेल्या बाबांच्या वाट्याला विरळा म्हणावं असं एवढंच आलं.

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "ताईला आणि भावोजींना अक्षर कळता कामा नये. अल्सर होता, काढला. कळलं ना?"

बाबांना अन्न पचत नव्हतं, मामाची थाप मात्र घरात बिनबोभाट पचली. इतकी, की ऑपरेशन सुखरूप होऊ दे म्हणून आईनं बोललेला सत्यनारायण आता करणं आलं. सव्वा शेर रवा मामानंच आणला. करतो काय!

प्रसाद टाकणाऱ्यांची कशी वाट लागते, ते भटजींनी पोथीतून सांगितलंच होतं. बाबांची वाटी आईनं आतून आणली, वर तुळशीचं पान ठेवून. दोन चमच्यांत पोट भरणारा माणूस, आणि अख्खी इमारत त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. पण बाबा सावकाश खात राहिले.

"रवा झकास भाजलायस," ते आईला म्हणाले.

"बघा, पचायला लागलं!" मामा सगळ्यांना सांगत सुटला.

वाटीच्या तळाशी थोडं उरलं. प्रसाद टाकायचा नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन तो तोंडात घातला. तांदळाच्या पिठीची पातळ, गाळलेली पेज होती ती, दूधसाखर घातलेली. रव्याचा कणही नव्हता.

देवाच्या मापात चिमटीचाही फरक न करणारी आई चुलीपाशी उभी होती.

"मामाला बोलू नकोस हं," ती म्हणाली. "आम्हा दोघांना काही ठाऊक नाही, म्हणून बिचारा निवांत आहे."