कॅनॉलच्या वाटेवरचं फाटक

एक अर्ज घेऊन घराबाहेर पडा, चार किस्से घेऊन परत याल! कॅनॉलच्या काठाची वाट सर्वांसाठी खुली व्हावी म्हणून आम्ही वर्षभर भांडलो, तेव्हा किश्श्यांचं पोतंच भरलं.

झालं असं, की वाटेलगत ज्यांचं शेत, त्या बापूरावांनी वाटेवर लोखंडी फाटक लावलं. गावातल्या पोरी त्याच वाटेने सायकलवर राळेगावच्या शाळेत जायच्या. आता उरला हायवे आणि त्यावरचे ट्रक. दोघींची शाळा घरच्यांनी बंद केली. त्यातली एक माझी चुलत बहीण, पायल. मी पेटलेच!

मी मोबाइलवर पाच ओळींचा अर्ज टाइप केला. रिटायर्ड कांबळे गुरुजींनी त्याची चार पानं केली.

"गुरुजी, फाटक उघडायचं आहे, निबंध स्पर्धा नाही!"

गुरुजींनी चष्मा पुसला. "बरोबर आहे बेटा. फक्त तुझ्या अर्जात फाटक कोणत्या गावात आहे, ते राह्यलं."

काही पोरी फाटकाच्या बाजूने सायकल उचलून न्यायच्या. बापूरावांनी तिथे बाभळीच्या काट्या टाकल्या. रोज पंक्चर! अनिसभाई मेकॅनिकने पोरींकडून एक रुपया घेतला नाही. एक दिवस त्याच काट्याने खुद्द बापूरावांची मोटरसायकल बसली. अनिसभाईने तीही फुकट करून दिली.

"मले काहून फुकट?"

"तुमच्याकडून कसे घेऊ, बापूराव? सगळे गिऱ्हाईक तर तुम्हीच पाठवून राह्यले!"

मग अर्जावरून तहसीलदार साहेब वाटेची पाहणी करायला आले. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांना आधी पोहे दिले, मग चहा, मग पुन्हा चहा. मी तडफडत होते. "अहो, साहेब असेच निघून जातील!" निघायला पाच वाजले. फाटकाला कुलूप, म्हणून मला आणि गुरुजींना घेऊन जीप हायवेने वळवली. शाळा नुकतीच सुटली होती. ट्रकच्या धुरळ्यात सात-आठ सायकली, एकामागे एक. साहेब खाली उतरले आणि शेवटची सायकल पुढे जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "दुसरा चहा त्याच्यासाठीच होता."

त्या दिवशी मी मनातल्या मनात सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडले. तोंडाने मात्र नाही, उगाच चढून बसतात!

साहेबांचं पत्र आलं: वाट सरकारी आहे, फाटक काढा. बापूराव म्हणाले, "कागद काही बी म्हणो. वाट म्हणजे माह्यं वावरच आहे!"

तेवढ्यात त्यांचा कापूस फुटला. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच कापसाला हात लावतात. शेवंताकाकू वेचणीच्या पंधरा बाया घेऊन कॅनॉलच्या वाटेने आली आणि बंद फाटकासमोर बसली. तिथेच पूजा मांडली.

बापूराव पलीकडून धावत आले. "अवो, इथं काहून? वावरात चला ना!"

"वाट म्हणजे तुमचं वावरच ना?" काकूने शांतपणे दहीभात वाढला. "मंग आम्ही वावरात पोचलो. कापसाची पऱ्हाटी कुठं आहे ते दाखवा, वेचतो!"

बापूरावांनी त्या उघड्या मुरमाकडे पाहिलं. मग मागे वळून पांढऱ्या झालेल्या वावराकडे. गुपचूप कमरेची किल्ली काढली.

काकू जागची हलली नाही.

"किल्ली राहू द्या, बापूराव. फाटक उपटायला सब्बल आणा!"