बुटांचा राखणदार

झोपताना पेंटर पलंगाच्या पायथ्याशी वर्तमानपत्र अंथरायचा आणि त्यावर बुटांसकट पाय ठेवायचा. पांघरुणातून दोन काळी तोंडं बाहेर बघत राहायची. रस्त्यावर राहिलेल्यांना खोल्या देणाऱ्या या इमारतीत येऊन त्याला बराच काळ लोटला होता. आता त्याला दार होतं, दाराला कुलूप होतं, खिडकीला पडदा होता. बुटांना मात्र यातलं काही कुणी कळवलं नव्हतं.

एकेकाळी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग पाट्या छापून यायला लागल्या, आणि ज्या दुकानांची नावं त्याने रंगवली होती, त्यांच्याच पायऱ्यांवर तो झोपायला लागला. तिथे तो एवढंच शिकला, की जमिनीवर ठेवलेला बूट आपला नसतो.

दर आठवड्याला तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या मशीनशेजारच्या खोलीत, सिस्टर यायच्या. पेंटरला शुगर होती. तो बोटातून रक्त द्यायचा, जीभ दाखवायचा, वजनकाट्यावरही चढायचा. बुटांसकट.

"पेंटरकाका, पाय बघू."

"बुटाच्या वर जेवढा मी आहे, तेवढा सगळा तुमचा."

"दुखतो का पाय?"

"छे! काही कळतच नाही."

"त्याचीच तर भीती वाटते." त्या दिवशी खोलीत एक वास होता, आणि तो साबणाचा नव्हता. "आत जखम असली तर चिघळेल, काका. मग बूट राहील आणि पाय जाईल."

पेंटरने बूट खुर्चीखाली ओढून घेतले. दाराशी वकील टेकून उभा होता. हा पेंटरच्या शेजारच्या खोलीतला. फुटपाथवर पोलिसांना कायदा शिकवायचा म्हणून वकील. पेंटरचे आधीचे बूट झोपेत त्यानेच काढून नेले होते, आणि हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, कारण पेंटर रोज सांगायचा.

"बूट मी कपाटात ठेवते. किल्ली तुमच्याकडे," सिस्टर म्हणाल्या.

"किल्ली नको, बाई. खोलीची हरवली तेव्हापासून मॅनेजर दार उघडून देतो, पण बोलणं टाकलंय त्याने. इतकी जपून ठेवली होती, की मलाच सापडेना."

"आण ते बूट इकडे, मी धरतो," वकील म्हणाला.

"मागच्या वेळी धरलेस ते अजून सोडले नाहीस."

"मग काय पाय कापून घेतोस?"

पेंटर बुटांकडे बघत बसला. मग म्हणाला, "धरायचे नाहीत. घालायचे. इथे, माझ्यासमोर बसून."

बूट निघाले. वकिलाने ऐटीत पाय घातले, तोच पेंटरने वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना करकचून बांधल्या. "आता पळ."

"हे कायद्यात बसत नाही."

"तू बस म्हणजे झालं."

"अगं आई गं!" वकील ओरडला. उजवा पाय त्याने कसाबसा ओढून काढला. फाटलेल्या अस्तराखाली बोटं घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. खोलीची किल्ली होती.

सिस्टरनी कोमट पाण्याने मोजा भिजवला आणि हळूच सोलला. टाचेखाली जखम होती, ओली, आणि तिला किल्लीसारखेच दाते होते. पेंटर वाकून ते बघत राहिला. त्या किल्लीसाठी त्याने गादी उसवली होती, जिने धुंडाळले होते, आणि सगळा वेळ तो तिच्यावरच उभा होता.

"घर पायाखालीच होतं की रे तुझ्या," वकील म्हणाला. कुणी हसलं नाही, म्हणून तोच हसला.

सिस्टरनी किल्ली दोऱ्यात ओवून पेंटरच्या गळ्यात घातली आणि त्याला गाडीतून दवाखान्यात नेलं. जाताना त्याने वळून बघितलं. वकिलाने पाय पुन्हा बुटात सारला होता.

संध्याकाळी तो परतला तेव्हा पायाला भलंमोठं बँडेज होतं. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. पाय वाचला, पण भरून येईपर्यंत बूट बंद. काठी टेकत तो खोलीशी आला. वकील त्याच्या दारासमोर भिंतीला टेकून बसला होता, पाय पसरून, बूट घालून.

पेंटरने आधी गाठ तपासली. उलटसुलट करून तपासली.

"माझीच आहे," तो म्हणाला. "सुटत नव्हती का?"

"दातांनी सुटली असती."

"मग?"

"चोरलेले बरे बसायचे. हे चावतात. काढ आता लवकर."

पेंटर खाली बसला आणि गाठ सोडू लागला. मग गळ्यातली किल्ली काढून त्याने वकिलाकडे दिली.

"उघड. आणि बूट पलंगाखाली ठेव."

"जमिनीवर?"

"जमिनीवर. पण मला दिसतील असे."